आधी बुडबुडा दाखवा

काशीदच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा एक माणूस आहे. ट्यूब पाण्यात बुडवली की तो गिऱ्हाइकाला जवळ बोलावतो, बुडबुड्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "दिसला?" गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत तो ट्यूब घासायच्या कानशीला हात लावत नाही.

मी समुद्रावर उडती तबकडी पाहिली, हे गावात फक्त त्यालाच सांगायचं राहिलं होतं. तेही सांगितलं.

"दाखवा," तो म्हणाला.

"आता कुठून दाखवू? ती नव्हती, हे तुम्ही सिद्ध करा."

त्यानं टबातली दुरुस्त झालेली ट्यूब गोल फिरवली. "यात भोक न्हाय हे मी कसं दाखवू, सर? हाय म्हनेल त्यानं बुडबुडा दाखवायचा."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

पुढे माझ्या जुन्या स्कूटरचं मागचं चाक रोज सकाळी हवा जाऊन बसायला लागलं. दोनदा त्यानं ट्यूब बुडवली, बुडबुडा आला नाही, आणि "पंक्चर न्हाय" म्हणून चाक तसंच परत बसवलं. तिसऱ्यांदा मी नुसतं चाकाकडे बोट दाखवलं.

तो टबाशी उकिडवा बसला. चहा आला आणि निवला. अर्ध्या तासानं, त्यानंच कधीतरी लावलेल्या ठिगळाच्या कडेला, मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला.

त्यानं मला जवळ बोलावलं नाही. स्वतःच बोट ठेवून बघत राहिला. मग कानस उचलली आणि मान वर न करता विचारलं, "सर, ती तबकडी कुठल्या अंगाला दिसली म्हनालात?"