चहानंतरची बाजू

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नाव हसुरामचं होतं, आवाज वहिनींचा. "भावजी, हे उठत नाय ओ..." एवढंच. पनवेलहून बेलपाड्याला पोचायला मला एरवी पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी सतरा लागली. त्या आठ मिनिटांचा काही उपयोग झाला नाही. हसुराम म्हात्रे झोपेतच गेला होता. उजव्या कुशीवर, हात उशीखाली. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले.

आम्ही भेटलो बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोदामात. मी तिथे वजनकाट्यावर नोंदी ठेवायचो आणि तो कंटेनर उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम होता. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या एका गाडीचं वजन तीनदा घ्यायला लावलं, तेव्हापासून मी त्याच्यासाठी काटेवाला झालो. "काटेवाला बायकोला पन काट्यावर हुभी करल," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. माझ्या बायकोलाही त्याने हे ऐकवलं होतं आणि ती माझ्यापेक्षा जास्त हसली होती.

रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सात-आठजण जमायचो. वाद घालायला. विषय आदल्या रविवारी ठरायचा. स्टीलच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एकीवर 'बाजूने', दुसरीवर 'विरुद्ध'. ज्याची पाळी असेल त्याने एक उचलायची आणि पटो न पटो, तीच बाजू मांडायची. मग चहा. चहानंतर त्याच माणसाने उलटी बाजू मांडायची, तितक्याच जोरात. हा नियम हसुरामचा. गोदामात त्याने भांडणं फार पाहिली होती. त्याचं म्हणणं, माणूस एकदा एका बाजूने बोलला की तिथे अडकतो, मग त्याला मागे यायला वाट हवी असते. चहा म्हणजे ती वाट. वेळ बघायची आणि आकडे टिपून घ्यायचे, हे काम माझं. कोणी आकडा सांगितला की "कुठून आणला?" हे मी विचारणार हे सर्वांना ठाऊक असायचं.

२०१६च्या जूनमध्ये विषय होता, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं की नाही. पनवेलात बसून हे कशाला, असं एकाने विचारलंही. कारण हसुरामची मुलगी सुजाता. ती तिकडे एका इस्पितळात नर्स आहे. तिने लग्न केलं ते गोव्याच्या सावियोशी, त्याच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट. तिथल्या नियमाप्रमाणे सुजाताला राष्ट्रकुलातली भारतीय म्हणून या प्रश्नावर मत होतं आणि सावियोला पोर्तुगीज म्हणून नव्हतं. सावियो तिला म्हणाला होता, "माझं मत पण तूच टाक, घरात एकच आहे." सुजाताला त्या राजकारणात फारसं काही कळत नव्हतं. तिने बापाला सांगितलं, "बाबा, तुम्ही रविवारी बोला, मी फोनवर ऐकते. तुमचं ऐकूनच ठरवेन." मतदान गुरुवारी होतं.

फोन मीच लावला, स्पीकरवर ठेवला, टेबलाच्या मध्यावर. तिकडे सकाळचे सहा वाजले होते. हसुरामने चिठ्ठी उचलली. 'बाजूने', म्हणजे बाहेर पडावं. आणि तो जे बोलला ते मी आजवर त्या खोलीत ऐकलेलं सर्वांत चांगलं भाषण होतं. लंडनचं नावही न घेता त्याने बेलपाड्यापासून सुरुवात केली. "आमचं गाव शहराच्या पोटात गेलं. शेतं गेली, खाडीकाठची खाजनं गेली. आमाला कुनी इचारलं व्हतं? कुनी कागद दिला, बाबा, हो का नाय त्यावर फुली मार? त्या लोकांना इचारतात. ज्याला इचारतात त्यानं आपल्या घराची चावी आपल्या हातात ठेवावी." मी आकडा विचारायलाही विसरलो.

मग चहा आला. फोनवरून सुजाता म्हणाली, "काका, माझी ड्यूटी आहे, निघते." मी म्हटलं, "हो, हो, बाकीचं बाबा सांगतील," आणि फोन बंद केला. हसुराम तेव्हा दारात चहावाल्याशी बोलत होता. मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याला माझ्याकडे कारण नाही. लंडनहून संघाला दर आठवड्याला किती पैसे जातात, त्याचा जो आकडा प्रचारात फिरत होता त्यात परत येणारी रक्कम वजा केलेली नव्हती. ते मला चहानंतर सांगायचं होतं, मी तोच कागद शोधत होतो.

दुसऱ्या फेरीत तो थोडंच बोलला. त्या बंद फोनकडे तोंड करून बोलला. "दार लावनं सोपं हाय. पन माझा जावई उंबऱ्यावर हुभा हाय. दार लावलं तं पयला त्याच्याच तोंडावर आपटल." टेबलावरचा फोन काळा होता. आम्हा आठजणांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं.

निकाल लागल्यावर सुजाताने फोन केला, खुशीत. "बाबा, तुमचंच जिंकलं!" हसुरामला आधी कळेचना. मग तो दुपारी माझ्याकडे काट्यावर आला आणि म्हणाला, "पोरीनं समदं ऐकलं तरी असं कसं केलं रं?" मी तिथेच सांगितलं. रिकाम्या काट्याकडे बघत तो म्हणाला, "तू घड्याळ बघत व्हतास. तुझं काम त्येच." त्याने मला माफ केलं की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याला समजावलं की फरक साडेबारा लाखांहून जास्त मतांचा आहे, एका मताने काही बदललं नसतं. तो म्हणाला, "बारा लाख माझ्या जावयाला भेटत नाय. यकच भेटते, रोज, जेवायला."

सावियोला सुजाताने सांगितलं नाही. 'तुझंच मत टाकलं, संघात राहायचं' असं म्हणाली आणि मग त्या वाक्यातून तिला बाहेर पडता येईना. सावियोला स्वतःला राहायची परवानगी मिळाली. त्याचा धाकटा भाऊ मात्र गोव्यात कागदांची वाट बघत होता, त्याचा पोर्तुगालचा पासपोर्ट हातात पडेपर्यंत तिकडचं दार बंद झालेलं होतं. सावियो फोनवर हसुरामला म्हणायचा, "पापा, लिव्हला, बाहेर पडायला मत दिलेला एक माणूस मला भेटू दे. माझ्या भावासमोर नेऊन उभा करतो." हसुराम "हां, हां" करायचा. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. एकदा त्याने सुजाताला सुचवलं, सांगून टाक. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका, माझं घर आहे." त्यानंतर रविवारी तो यायचा, बसायचा, चहा घ्यायचा. चिठ्ठी मात्र त्याने पुन्हा कधी उचलली नाही. पेला पुढे आला की शेजाऱ्याकडे सरकवायचा.

सावियोने त्याला तिकडे यायचं निमंत्रण चार वेळा पाठवलं. नात झाली तेव्हाही. हसुरामने एकदा गुडघ्याचं कारण दिलं, एकदा पुतण्याच्या लग्नाचं, दोनदा थंडीचं. खरं कारण मला एकट्याला माहीत होतं. "त्याच्या ताटावर बसून त्याच्याशी खोटं बोलू?" कर्नाळ्याच्या पायथ्याशी चहा पिताना तो म्हणाला होता. "इथं फोनवर दोन मिन्टं बोलतो, त्येच जड जातं." खरं सांगावं तर मुलीचं घर मोडणार, न सांगावं तर जावयाला तोंड कसं दाखवणार. नऊ वर्षं तो या दोहोंच्या मध्ये राहिला, आणि ती जागा त्याला मी करून दिली होती.

दिवसकार्याला दोघं आले. जेवणं झाल्यावर सावियो माझ्या शेजारी बसला. "काका, एक विचारू? पापा कधी आले का नाहीत? चार वेळा लेटर पाठवलं." मी आयुष्यात चुकीची नोंद केलेली नाही. मी तोंड उघडलं आणि सुजाताकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्या खाली ठेवून तिने सांगितलं, सगळं, उभ्या उभ्या, आपल्या आईसमोर. सावियो चिडेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मला वाटायचं, मी ख्रिश्चन म्हणून त्यांना मी नको होतो. नऊ वर्षं मी तसंच समजलो." आणि उठून अंगणात गेला. हसुरामच्या मनात हे कधी आलं असतं, तर तो पहिल्या विमानाने गेला असता, गुडघ्यासकट.

दोघं एकाच विमानाने परत गेले, एवढं मला माहीत आहे. हसुरामवर हे सगळं लिहू का, असं मी सुजाताला विचारलं होतं; पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. "लिहा काका, लपवू नका. फक्त आमचं आता कसं चाललंय ते विचारू नका." मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी मी बेलपाड्याला गेलो होतो. वहिनींनी कपाट उघडून एक प्लास्टिकची पिशवी पुढे ठेवली. आत हसुरामचा पासपोर्ट. नात झाली त्या वर्षी काढलेला, हे मला ठाऊक नव्हतं. फोटोसाठी त्याने दाढी केलेली होती आणि शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, ते तो कधी लावत नसे. मी सवयीने पानं मोजली. छत्तीस. एकाही पानावर शिक्का नाही.

"भावजी, माणूस गेल्यावर ह्ये परत द्यावं लागतं ना?" वहिनींनी विचारलं.

नियम मला माहीत आहे. पासपोर्ट कार्यालयात न्यायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, ते रद्द करून देतात.

"लागतं," मी म्हटलं. "पण घाई नाही."

त्यांनी तो पिशवीत घातला, पिशवीची घडी केली आणि कपाटात त्याच्या शर्टांखाली ठेवला.