काडाच्या भिंतीवर सिमेंट

बदनापूरपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. तिची नवी इमारत शहरातल्या एका संस्थेनं गव्हाच्या काडाची बांधून दिली. यंत्रानं दाबलेले काडाचे गठ्ठे विटांसारखे रचायचे आणि वरून गिलावा करायचा. आत गारवा राहतो म्हणाले. राहिलाही. पहिला उन्हाळा लेकरं सुखानं झोपली, ते मी नाकारत नाही.

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं. बांधकाम चालू असताना ते रोज जाऊन बघायचे. जोतं जेमतेम वीतभर, छपराची वळचण आखूड, आणि काडावर सिमेंटचा गिलावा. न राहवून ते तिथल्या इंजिनिअरला म्हणाले, "साहेब, सिमेंट नका मारू. आत पाणी गेलं तर मंग निघायचं कुठून? पांढऱ्या मातीनं लिंपा, अन् जोतं गुडघाभर घ्या."

तो हसला. "बाबा, हे नवीन तंत्र आहे. तुम्हाला नाही कळायचं."

त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. तो हसला तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि गप्प बसले. त्याबद्दल माझा मलाच येणारा राग अजून जात नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर खालून तपकिरी डाग चढायला लागले. मग कुजलेल्या कडब्यासारखा वास. फिनाईलनं पुसलं, उदबत्त्या लावल्या, तरी तो जाईना. कोपऱ्यात अळंबी उगवली. लेकरं खोकू लागली. एका मुलीला तर आत आली की धाप लागायची. तिची आई म्हणाली, "ताई, घरी चांगली राह्यते. तुमच्याकडं आल्यावरच कसं होतं हे?"

संस्थेला फोन केले, फोटो पाठवले. उत्तर आलं, मुलं पाणी सांडत असतील, हंडा भिंतीपासून लांब ठेवा. म्हणजे तीन वर्षांच्या लेकरांच्या पेल्यांनी भिंत कुजवली! हंडा बाहेर ठेवला. डाग चढतच राहिले.

दिवाळीनंतर इमारत बघायला संस्थेचे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी संस्थेची दोन माणसं आली आणि डागांवर पांढरा रंग मारून गेली. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर पाहुण्यांना सांगत होता, "बघा, भिंत एकदम कोरडी." मी अंगणातलं खुरपं आणलं आणि डागाच्या जागी घातलं. गिलावा पापडासारखा सुटला. आतलं काड काळं, लिबलिबीत. हात घातला तर उकिरड्यासारखं गरम लागलं. मूठभर काढून पिळलं, पाणी गळलं.

"हे पाणी लेकरांनी आत भरलं का, साहेब?"

"ताई, ही बोलायची पद्धत नाही."

"न्हाईच. चार महिने पद्धतीनं बोलले, तवा कुणी ऐकलं न्हाई."

पाहुण्यांतल्या एक बाई नाकाला पदर लावून बाहेर गेल्या. त्याच दिवशी मी लेकरं समाजमंदिरात नेली.

आठवड्यानं आमच्या ऑफिसकडून मलाच नोटीस आली, इमारतीचं नुकसान केल्याबद्दल.

उन्हाळ्यात संस्थेनं माणसं पाठवून भिंती पाडल्या. सासरे बघायला आले होते. ओसरीच्या छपराखालची एक भिंत पावसापासून वाचली होती. तिच्यातलं काड सोन्यासारखं पिवळं निघालं. त्यांनी मूठभर घेऊन हुंगलं. "बघ, हे अजून जनावर खाईल. काडाचा बिलकुल दोष न्हाई." हे ऐकायला तो इंजिनिअर तिथं नव्हता. तो नंतर गावात आलाच नाही.

आता तिथं विटांची खोली आहे, जोतं गुडघाभर उंच. नोटिशीचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. आमच्या पर्यवेक्षिका म्हणतात, "माफीची एक ओळ लिहा अन् मोकळ्या व्हा." मी दोन पानं खुलासा लिहून दिला आहे. ती ओळ त्यात नाही.