गल्लीची साक्ष

पाकिस्तानच्या सिंधमधून आलेल्या ईश्वरीबाईनं सक्करदऱ्याच्या एका गल्लीत पापड लाटता लाटता केस पांढरे केले, नवऱ्याची राखही रामटेकच्या तळ्यात सोडली. तरी व्हिसा वाढवायला पोलिसांपुढं हात जोडणं काही सुटत नव्हतं. अखेर नागरिकत्वाचा अर्ज पुढं सरकला आणि चौकशीला हवालदार गल्लीत आला, तेव्हा ती नेमकी बाजारात गेलेली.

"काही घाबरू नको वं," ती परतल्यावर शेजारीण कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाई पाकिस्तानची हाये का, इचारून राहिला होता तो. मी ठणकावून सांगतलं, इथंच जन्मली! साऱ्या गल्लीनं तेच सांगतलं. लिहून घेऊन गेला."

ईश्वरीबाईच्या हातची पिशवी गळून पडली. सरकारची रीतच उफराटी: इथलं व्हायचं तर आधी तिथलं असल्याचं सिद्ध करा! आता साहेब तिचा अर्जच खोटा ठरवणार.

"अवं, मी तिथलीच आहो! तेच तर सांगाचं होतं!" ती किंचाळली.

कौसल्याबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"असं कसं सांगू वं? तिथली म्हटलं असतं, तर तुले घेऊन नसते गेले?"