आमचा मुका हिरो आता बोलायला लागला

आज दुपारी घरी, अमरावतीत, आवडत्या गेमचा नवा भाग लावला. किती वाट पाहिली होती याची! आणि पहिल्याच सीनमध्ये हिरो चक्क बोलला. भारदस्त आवाजात, फाडफाड इंग्रजी.

मित्रांनो, माझा मूडच गेला.

जुन्या भागात हिरो मुका होता. स्क्रीनवर नुसते उत्तरांचे पर्याय यायचे. आमच्या घरचा नियम असा, की कंट्रोलर माझ्या हातात आणि हिरोचं तोंड म्हणजे ताई. राजानं लढाईवर जायला सांगितलं की ती ठणकवायची, "काहून बे राजा, भांडण तुह्यं अन् मराचं आमी?" मग मी हसत हसत बटण दाबायचो. तुमच्या मुक्या हिरोला कोणाचा आवाज होता?

लग्न होऊन ताई अकोल्याला गेली. मी तिला लगेच फोन लावला. "ताई, हा आता सोताच बोलून राहिला."

ती हसली. मग म्हणाली, "म्हंजे आता माह्यं काही काम नाही म्हना."

मी सेटिंगमध्ये जाऊन संवादांचा आवाज शून्यावर आणला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"फोन ठेवू नको ताई. समोर राजा उभा हाये. बोल."