कोपऱ्यातलं अळू

मराठी मंडळाच्या जेवणात तळल्या जाणाऱ्या अळूवडीचा वास आला, की खिदिरपूरचं आमचं तळमजल्यावरचं अंधारं घर आठवतं. "कम रोशनी में भी चलेगा," म्हणत नर्सरीवाल्याने दिलेलं मोठ्या पानांचं शोभेचं झाड मी तिथे कोपऱ्यात ठेवलं होतं. एके संध्याकाळी ऑफिसातून आले, तर पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी गरम वड्या पुढे केल्या. "घरात एवढं अळू, आणि बोलली नाहीस! पहिली देवाला दाखवली, दुसरी नातीला दिली." कोपऱ्यात नुसते देठ उभे होते. "आई, ते अळू नाही!" मी ओरडले, तोवर आतून चार वर्षांची लेक घसा धरून रडत आली. तिला गिळता यायला दोन दिवस लागले. सासूबाईंनी पुन्हा कधी अळूवडी केली नाही. "मुँह में मत लेना," असं नर्सरीवाल्याने मला तेव्हाच बजावलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.