करंडक चालवणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा

महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या मोटारसायकली साताऱ्यात आल्या आणि त्यांचा एक क्लब निघाला. दसऱ्यानंतर क्लबची निरीक्षण-फेरी असे: वाई, लोणंद करून परतायचे, वाटेत काय पाहिले ते सांगायचे आणि नेमून दिलेल्या वस्तू शोधून आणायच्या. पहिल्या वर्षी दादाने गाडी चालवली. निरीक्षण माझ्याकडे होते. ‘लोहाराने न घडवलेले लोखंड’ हवे होते, तेव्हा कृष्णेच्या वाळूत लोहचुंबक फिरवून मी काळे कण जमवले. आम्ही जिंकलो. क्लबचे अध्यक्ष, एक निवृत्त सुभेदार, मला म्हणाले, “करंडक चालवनाऱ्याचा असतो, पोरी.” तो दादाला मिळाला.

पुढच्या वर्षी मी गाडी चालवली आणि दादा मागे बसला.

“गड्या, पदर घट्ट धर रं,” कोणीतरी त्याला ओरडले.

आम्ही पुन्हा जिंकलो. अध्यक्षांनी पुन्हा दादालाच पुढे बोलावले. “गाडी काय, कुनीबी चालवतंय. खरं काम डोळ्यांचं.”

“मग गेल्या वर्षी डोळे माझे होते,” मी म्हणाले. “नियम कोणताही ठरवा काका, दोनपैकी एक करंडक माझा आहे. कोणता, तेवढे सांगा.”

दादा जागचा हलला नाही. समोर होता तो करंडक मी उचलला.