शनीसाठी दुर्बीण

मुलीचे सहामाहीत मार्क घसरले आणि सासूबाईंनी पंचांगही न उघडता निकाल दिला, "साडेसाती लागली पोरीला." म्हणाल्या तर म्हणाल्या, पण पोरगीही ते खरं धरून बसली. पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "आई, आता अभ्यास करून काय उपयोग?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ज्या शनीला एवढं भितेस, तो एकदा दाखवतेच तुला.

नवरा हसला. "दुर्बीण आणून साडेसाती जाते व्हय?" पण नांदेडला सोबत आला गुमान.

दुकानदाराने आधी एक लांबलचक नळी काढली. पाचशे पट मोठं दिसतं, असं खोक्यावर छापलेलं. मी डोळा लावला, जरा बोट लागलं, तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी थरथरायला लागली. स्टँड म्हणजे नुसत्या काड्या. पट कितीही असू देत, हलणाऱ्या नळीतून दिसणार काय, कप्पाळ? दुसरी दुर्बीण आखूड होती. पुढची काच रुंद, स्टँडचे पाय दणकट, आणि आपल्याला झेपेल अशी. तीच घेतली.

लातुरात आमच्या गच्चीवर रस्त्याचा दिवा थेट डोळ्यात येतो, म्हणून शनिवारी दिवेलागणीला रेणापूरच्या शेतात गेलो. सासूबाई सकाळीच शनीला तेल घालून आलेल्या. देवळातसुद्धा त्या शनीच्या समोर उभ्या राहत नाहीत, बाजूने हात जोडतात. खुर्चीत बसून त्यांचं चालूच होतं, "अन् तुम्ही त्याच्या डोळ्याला डोळा लावून राहिलाव?"

बराच वेळ चाचपडल्यावर एकदाचा सापडला. लहानगा, पिवळसर, भोवती खरोखरचं कडं. मी हरखून गेले. पोरीला हाक मारली. ती दोन पावलं आली आणि आजीकडे बघत थांबली. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सरक. आधी मी बघते. काय व्हायचं ते मला होऊ दे."

वाकल्या त्या वाकल्याच. आता ह्या काय बोलतील, म्हणून मी धास्तावले होते.

"एवढुसा हाय की गं," त्या म्हणाल्या. "अन् किती लांब. ह्याला कुठं तुझ्या पेपराची पडलीय? ये, बघ."

पोरीने डोळा लावला, तो काढेचना.